‘लागलंय ते’ म्हणून वर्षभर राहिलेली काळी रेघ

पत्र असं आहे:

‘माझ्या आईचं वय ६१. मागच्या वर्षी तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर लाकडी स्टूल पडलं आणि नख काळं झालं. काळेपणा बराचसा गेला, पण एक उभी रेघ राहिली. आता ती आधीपेक्षा रुंद दिसते आणि नखाच्या मुळाशी कातडीवरही काळपट छटा आलीय. दुखत नाही, म्हणून आई डॉक्टरकडे यायला तयार नाही. “लागलंय ते, नखाबरोबर जाईल,” एवढंच म्हणते. मी मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरबद्दल वाचलं आणि झोप उडाली. माझ्या अंगावर चाळीसेक तीळ आहेत, ते रात्री मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघत बसते. खांद्यावर लहानपणापासून एक मोठा, केसाळ तीळ आहे. भाऊ म्हणतो, हा गोऱ्या लोकांचा रोग, आपल्याला होत नाही. आणि तिळाला किंवा नखाला एकदा ब्लेड लागलं की नसलेला कॅन्सरही उठतो. कुणाचं ऐकू?’

तुमच्या पत्रात दोघीजणी आहेत. एकीची झोप उडालीय, दुसरी निर्धास्त आहे. पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं, तुम्ही दोघींनी आपापल्या काळज्या बदलून घ्यायला हव्यात. तुम्ही वर्णन केलेल्या तिळांत घाईचं असं मला काही दिसलं नाही. आईंचा अंगठा मात्र येत्या आठ-दहा दिवसांत त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. त्यांच्याकडे डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) आहे का, आणि नखाची बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) ते स्वतः करतात की दुसरीकडे पाठवतात, हे वेळ घेतानाच फोनवर विचारा. त्यात संकोच वाटायचं कारण नाही, सगळेच त्वचारोगतज्ज्ञ नखाच्या मुळाला हात घालत नाहीत.

पत्रावरून निदान मी करत नाही. नखातली उभी काळी रेघ बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, आणि आईंचीही तशीच निघो. सावळ्या त्वचेच्या माणसांत वय वाढेल तशा नखांत रेघा उमटणं इतकं नेहमीचं आहे की दवाखान्यात दुसऱ्याच कारणासाठी आलेल्यांच्या हातांवर त्या मला रोज दिसतात. त्या सहसा एकाहून जास्त नखांत असतात, फिकट असतात, दोन्ही कडा फूटपट्टीनं आखल्यासारख्या समांतर असतात आणि वर्षानुवर्षं तेवढ्याच राहतात. काही औषधांनी, बुरशीनेही नख काळवंडतं. हे सगळं खरं असूनही आईंची रेघ मला बघून हवी आहे, कारण तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात: ती एकाच नखात आहे आणि तेही अंगठ्याच्या, ती रुंदावली आहे, आणि ती नख सोडून कातडीवर उतरली आहे.

आईंचं ‘नखाबरोबर जाईल’ हे म्हणणं तर्काला धरून आहे. फक्त ते तपासून बघायला हवं. नख तयार होतं ते मुळाशी, कातडीच्या घडीखाली, आणि तिथून ते पुढे सरकत राहतं. छापखान्यातून कागद बाहेर येतो तसं. मार लागून नखाखाली रक्त साकळलं तर तो कागदावर सांडलेला शाईचा थेंब. कागद पुढे जाईल तसा थेंबही पुढे जाणार, आणि त्याच्या मागे, मुळाच्या बाजूला, स्वच्छ नख दिसू लागणार. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण एक ते दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे वर्षात सेंटिमीटरभर तरी. वर्षापूर्वीचा मार असेल तर आज मुळाशी निदान तेवढी कोरी जागा दिसायला हवी. पण कागद जिथून बाहेर पडतो तिथेच कुणी पेन टेकवून बसलं असेल तर? मग रेघ उमटतच राहणार, कितीही कागद पुढे जाऊ दे. आईंची रेघ मुळापासून टोकापर्यंत सलग आहे का, एवढंच आज बघा. सलग असेल तर ते साकळलेलं रक्त नाही.

याच हिशेबाने रेघेचा आकारही वाचता येतो. टोकाकडचं नख जुनं, मुळाकडचं ताजं. रेघ मुळाशी रुंद आणि टोकाशी अरुंद असेल, तर पेन दिवसेंदिवस जाड होत चाललंय. तीन मिलिमीटरहून रुंद रेघ, पुसट किंवा दातेरी कडा, एकाच रेघेत तपकिरी-काळ्याच्या निरनिराळ्या छटा, नख मधोमध चिरत जाणं, यांतलं काहीही संशयाला पुरेसं आहे. आणि नखाभोवतीच्या कातडीवर उतरलेल्या काळपट छटेला तर जोनाथन हचिन्सन या इंग्रज सर्जनचं नावच आहे, ‘हचिन्सनची खूण’. त्यांनी १८८६ मध्ये नखाखालच्या मेलॅनोमाचं वर्णन करताना त्याला ‘काळं नखुरडं’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं. वरवर बघणाऱ्याला तो नखुरड्यासारखा वाटतो, हे त्यांना तेव्हाच खटकलं होतं. आता याला पुस्ती अशी, की ही खूण म्हणजे निकाल नव्हे. कधी नखातलाच काळा रंग वरच्या पातळ कातडीतून आरपार दिसतो, कधी माणसाच्या नखांच्या कडा मुळातच सावळ्या असतात. डाव्या पायाचा अंगठा शेजारी ठेवून बघा. तिथेही तशीच छटा असेल तर जरा हायसं वाटेल. दाखवायला जायचंच आहे, ते मात्र त्याने टळत नाही.

स्टूल पडलं, हे खोटं असेल असं मी म्हणत नाही. पण त्या स्टुलाने केलेलं काम एवढंच असू शकतं, की त्यामुळे सगळ्यांचं अंगठ्याकडे लक्ष गेलं. रेघ कदाचित आधीपासून असेल. पायाला रोज काही ना काही लागत असतं, त्यामुळे पायावरच्या प्रत्येक डागाला एखादी मार लागल्याची आठवण सहज चिकटवता येते. गायक बॉब मार्ले याच्या बाबतीत हेच घडलं. पायाच्या अंगठ्याच्या नखाखालची जखम फुटबॉल खेळताना झालेली समजली गेली. १९७७ मध्ये तो मेलॅनोमा असल्याचं निघालं. अंगठा काढून टाकण्याचा सल्ला त्याने मानला नाही. ११ मे १९८१ रोजी तो गेला तेव्हा ३६ वर्षांचा होता.

भावाच्या पहिल्या मुद्द्याकडे येऊ. त्यात अर्धं सत्य आहे, आणि म्हणूनच तो जास्त घातक आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात. त्या बेलगाम वाढू लागल्या की मेलॅनोमा होतो. या पेशी गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात संख्येने जवळपास सारख्याच असतात. फरक असतो त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य किती आणि कसं बनवतात यात. भरपूर मेलॅनिन म्हणजे उन्हापासून चांगलं संरक्षण, त्यामुळे सावळ्या माणसांत हा रोग खरंच विरळा. २०२० मध्ये जगभरात मेलॅनोमाचे सुमारे सव्वातीन लाख नवे रुग्ण आणि ५७ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, आणि सर्वाधिक प्रमाण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या गोऱ्या लोकांत आहे. इथपर्यंत भाऊ बरोबर.

पण तळपाय, तळहात आणि नखांखालच्या मेलॅनोमाचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. तो कुठल्याही रंगाच्या माणसाला होतो. सावळ्या माणसांत उन्हामुळे होणारे प्रकार कमी, त्यामुळे त्यांच्यात सापडणाऱ्या मेलॅनोमात या हातापायांच्या प्रकाराचा वाटा मोठा. म्हणजे गोऱ्या माणसाने पाठ आणि पोटऱ्या बघाव्यात, तर सावळ्याने आधी मोजे काढावेत. आणि ‘आपल्याला होत नाही’ या समजुतीपायी तिथे कुणी बघतच नाही. रोग विरळा, पण सापडतो तेव्हा बऱ्याचदा पुढे गेलेला असतो. सनस्क्रीनची माहितीपत्रकं वाचून हे कळत नाही, कारण ती लिहिलेलीच असतात उन्हात लाल होणाऱ्या कातडीसाठी.

माझीच एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एक गृहस्थ टाच दाखवायला आले. टाचेच्या कडेला जाड, गोल, घट्ट कातडी, मधे थोडी सोललेली गुलाबी जागा. काळं काहीच नाही. मी म्हणाले, कुरूप आहे. सॅलिसिलिक अ‍ॅसिडची पट्टी लिहून दिली, तीन आठवड्यांनी या म्हणून सांगितलं. ते आले पाच महिन्यांनी. पट्टी लावून ब्लेडने खरवडणं सुरूच होतं, पण आता मोज्याला डाग पडू लागला होता. त्या दिवशी मी जागा स्पिरिटने पुसली, खिडकीजवळ नेऊन भिंगातून पाहिली, तेव्हा एका कडेला बोटाने पुसल्यासारखी तपकिरी छटा दिसली, जेमतेम दोन मिलिमीटरची. पहिल्या भेटीत मी भिंग हातात घेतलंच नव्हतं. बायोप्सीत मेलॅनोमा आला, रंगहीन प्रकारचा. या प्रकारात पेशी मेलॅनिन जवळजवळ बनवतच नाहीत, त्यामुळे तो गुलाबी, लालसर, कातडीच्या रंगाचाही असू शकतो. तेव्हापासून माझ्याकडे एक नियम आहे: तळपायावरचं कुरूप, चामखीळ किंवा जखम दोन महिन्यांच्या नीट उपचारानं बरी होत नसेल, तर तुकडा तपासायला जातो. रुग्ण कुरकुरला तरी जातो.

आता तुमचे तीळ. टॉर्च घेऊन तुम्ही काय शोधताय, ते आधी ठरवू. डॉक्टर इंग्रजी आद्याक्षरांची एक खूणगाठ वापरतात, ए-बी-सी-डी. न्यूयॉर्कच्या त्वचारोगतज्ज्ञांनी ती १९८५ मध्ये मांडली आणि २००४ मध्ये तिला ई जोडलं. मला विचाराल तर शेवटी आलेलं हे ई सगळ्यांत वर हवं होतं. ई म्हणजे बदल. तीळ वाढतोय, रंग पालटतोय, उंच होतोय, खाजतोय, खपली धरतोय, विनाकारण रक्त येतंय, आणि हे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत घडतंय, तर बाकीची अक्षरं बघत बसायची गरज नाही, दाखवा. बाकीची चार अक्षरं रूपाची आहेत. तिळाच्या मधोमध मनातल्या मनात रेघ मारली तर दोन अर्धे एकमेकांशी जुळत नाहीत. कडा गोलसर असण्याऐवजी नकाशातल्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी असते, किंवा एकीकडे रेखीव आणि दुसरीकडे कातडीत विरघळलेली. एकाच डागात काळा, तपकिरी, निळसर, लाल असे रंग मिसळलेले, मधेच एखादी पांढरट जागा. आणि व्यास सहा मिलिमीटरच्या वर, म्हणजे साधारण साध्या पेन्सिलीच्या जाडीइतका. या शेवटच्या आकड्याला फार कवटाळू नका. प्रत्येक मेलॅनोमा कधीतरी तीन मिलिमीटरचा असतोच, आणि तेव्हा सापडला तर उत्तमच.

या खूणगाठीतून एक प्रकार निसटतो, तो माहीत असू द्या. गाठीचा मेलॅनोमा कातडीवर आडवा पसरत नाही, सरळ वर आणि खाली वाढतो. दिसायला गोल, कडा स्वच्छ, रंगही कधी एकसारखाच. ए-बी-सी-डीच्या परीक्षेत तो निर्दोष पास होतो. त्याची ओळख वेगळी: उंच आलेला, बोटाला टणक लागणारा आणि महिनाभरापेक्षा जास्त काळ वाढतच राहिलेला फोड. पुटकुळी असती तर तेवढ्या दिवसांत बसली असती. हा झपाट्याने वाढतो, इथे ‘बघू पुढच्या महिन्यात’ चालत नाही.

मला स्वतःला सगळ्यांत उपयोगी वाटते ती खूण फ्रेंच डॉक्टरांनी १९९८ मध्ये मांडली, ‘बदकाचं कुरूप पिल्लू’. एका माणसाचे तीळ सहसा एकमेकांचे भाऊबंद दिसतात. कुणाचे सगळेच फिके आणि चपटे, कुणाचे सगळेच गडद आणि टपोरे. त्यात एखादा कुणावरच गेलेला नसेल, तर तो पाहुणा कोण, हे विचारायचं. (पायावरच्या भोवरीलाही आपण कुरूपच म्हणतो. टाच दाखवायला आलेल्या त्या गृहस्थांपासून हा शब्द मला जरा टोचतोच.) तेव्हा चाळीस तिळांच्या चाळीस चौकशा करू नका. लांबून, एका नजरेत पाठ बघा आणि वेगळा कोण तेवढं शोधा.

आणि रात्री टॉर्चने तर मुळीच नको. तिरप्या उजेडात प्रत्येक तीळ गुन्हेगार दिसतो. महिन्यातून एकदा, दिवसा, भरपूर उजेडात, एक मोठा आरसा आणि एक हातातला. पाठीसाठी घरातलं दुसरं माणूस. डोक्याच्या कातडीसाठी केस कापणाऱ्याला सांगून ठेवा, त्याच्याइतकं तिथे कुणी बघत नाही. मग कानामागे, काखेत, तळहात, नेलपॉलिश काढून वीसही नखं, पायाच्या बोटांच्या बेचक्या, तळपाय. शंका आलेल्या तिळाशेजारी फूटपट्टी धरून फोटो काढा. माणसाची आठवण याबाबतीत फार लबाड असते, ‘असाच होता’ आणि ‘वाढलाय वाटतं’ ही दोन्ही वाक्यं ती सारख्याच खात्रीने बोलते. फोटो बोलत नाही, नुसता दाखवतो.

खांद्यावरच्या तिळातल्या केसांची भीती काढून टाका. तिळात केस असणं हे धोक्याचं लक्षण नाही. वयाबरोबर बरेच तीळ थोडे मऊ, उंच आणि फिके होतात, तेही नैसर्गिक. दाढी करताना किंवा कपड्याने घासून तीळ दोन दिवस लाल होतो, दुखतो, ते दोन-तीन आठवड्यांत निवळतं. नाही निवळलं तर दाखवायचं. उतारवयात कातडीवर मेणाचा ठिपका चिकटवल्यासारखे खरखरीत तपकिरी डाग येतात, चेहऱ्यावर बारीक काळ्या चामखिळी येतात, ते बहुतांशी निरुपद्रवी. याउलट चाळिशीनंतर अगदी नव्याने उगवलेला गडद तीळ बघून घ्यावा. बहुतेकांना वाटतं की मेलॅनोमा जुन्या तिळातूनच होतो. प्रत्यक्षात दहांतले सुमारे सात आधी तीळ नसलेल्या साध्या कातडीवर सुरू होतात. म्हणूनच, असलेले तीळ ‘खबरदारी म्हणून’ सरसकट काढून घेण्यात अर्थ नाही.

घरात आई-वडील, भावंडांपैकी कुणाला मेलॅनोमा झालेला असेल, अंगावर पन्नासाहून जास्त तीळ असतील, लहानपणी ऊन लागून कातडी भाजून फोड आले असतील, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर धोका वाढतो आणि वर्षातून एकदा तज्ज्ञाला सगळं अंग दाखवावं. कातडी सावळी करायच्या यंत्रांपासून दूर राहावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्येच त्यांना कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात टाकलं आहे.

भावाचा दुसरा मुद्दा, ब्लेड लागलं की कॅन्सर उठतो. ही समजूत कुठून येते ते मला कळतं. कुणाची तरी गाठ कापली, अहवालात कॅन्सर आला, वर्षभरात माणूस गेला. बघणाऱ्याला कापणं कारण वाटतं. खरं तर कापलं तेव्हा रोग आधीच दूर गेलेला होता. नीट केलेल्या बायोप्सीने मेलॅनोमा पसरत नाही, आणि बायोप्सीवाचून तो ओळखताही येत नाही. भीती बाळगायचीच असेल तर दुसऱ्या गोष्टीची बाळगा: तीळ दोऱ्याने बांधून पाडणं, अ‍ॅसिडने जाळणं, लेझरने उडवणं, आणि निघालेला तुकडा न तपासता फेकून देणं. यात वरचा काळा रंग जातो, खाली काही असेल तर ते राहतं, आणि किती खोल होतं हे पुन्हा कधीच कळत नाही.

ती खोलीच सगळं ठरवते. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९७० मध्ये दाखवलं, की मेलॅनोमा कातडीवर किती पसरलाय यापेक्षा तो किती मिलिमीटर आत उतरलाय यावर रुग्णाचं भवितव्य जास्त अवलंबून असतं. एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाडीचा असेल तर तो जाडीच्या पहिल्या पायरीवर, चारच्या पुढे जाडीच्या शेवटच्या. तो वरच्या थरातच अडकलेला असताना सापडला, तर छोटी शस्त्रक्रिया आणि सुटका. रोग त्वचेपुरताच असलेल्या रुग्णांचं पाच वर्षं जगण्याचं प्रमाण अमेरिकेतल्या नोंदींत ९९ टक्क्यांच्या पुढे आहे. दूरच्या अवयवांत पोहोचल्यावर ते सुमारे एक तृतीयांशावर येतं. हा एक तृतीयांशही नव्या औषधांनी मिळवून दिलेला आहे. २०११ नंतर शरीराची प्रतिकारशक्ती मोकळी सोडणारी औषधं आली, त्यामागच्या संशोधनाला २०१८ चं नोबेल मिळालं, आणि पूर्वी काही महिन्यांचे सोबती मानले गेलेले काही रुग्ण आज वर्षानुवर्षं जगताहेत. तरी मिलिमीटरच्या आत सापडलेल्याला यातलं काहीच लागत नाही, तेच बरं. काट्याचा नायटा होतो म्हणतात. इथे काटा आणि नायटा यांच्यात दोन-तीन मिलिमीटरचंच अंतर असतं.

आईंना तिथे नेल्यावर काय होईल, ते आधी सांगून ठेवा. निम्मी भीती अज्ञाताची असते. डॉक्टर आधी डर्मोस्कोप लावतील. तो म्हणजे उजेड असलेलं, साधारण दहापट मोठं दाखवणारं भिंग. दुखायचा प्रश्नच नाही. नखातल्या बारीक रेघा समांतर आणि एकसारख्या आहेत की जाडी, रंग, अंतर सगळं बिघडलंय, हे त्यात दिसतं. तळपायावर डाग असेल तर हे भिंग आणखी मजेदार काम करतं. बोटांच्या ठशांसारखे तळपायालाही उंचवटे आणि चर असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा चरांत बसतो. मेलॅनोमाचा रंग उंचवट्यांवर चढतो. उघड्या डोळ्यांना दोन्ही नुसतेच काळे डाग.

भिंगाने समाधान झालं तर फोटो काढून ठेवतील आणि तीन-सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतील. नाही झालं, तर अंगठा इंजेक्शनने बधिर करून, नख थोडं उचलून, मुळाशी जिथून रेघ निघते तिथला पातळ तुकडा घेतील. म्हणजे पेन जिथे टेकलंय तिथला. नुसतं नखाचं टोक कापून तपासायला पाठवलं तर आग्रह धरून विचारा, मुळाचा तुकडा का नको? इंजेक्शनची कळ जोराची असते, हे आईंपासून लपवू नका. नंतर चार-पाच दिवस पाय उंच ठेवावा लागतो आणि नखावर कायमचा चरा राहू शकतो. अहवाल आला की त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. मेलॅनोमा आलाच, तर त्यात दोन गोष्टी शोधा: जाडी मिलिमीटरमध्ये किती, आणि पृष्ठभागावर उघडी जखम (अल्सरेशन) आहे का. वरच्या थरातला रोग असेल तर बऱ्याचदा नखाचा सगळा भाग काढून त्वचारोपण करतात आणि अंगठा वाचतो. ‘नख दाखवलं की बोटच कापतात’ असं कुणी आईंना सांगितलं असेल, तर हे सांगा: बोट वाचावं म्हणूनच लवकर जायचं.

त्यांना तयार कसं करायचं, हा खरा प्रश्न. दुखणं अंगावर काढणाऱ्या माणसाला भीती घालून उपयोग होत नाही, उलट असा माणूस आणखी हटून बसतो. आणि इथे तर दुखतही नाही. हा रोग सुरुवातीला दुखत नाही, खाजतही नाही बहुधा. दुखेपर्यंत थांबणं म्हणजे उशीर होईपर्यंत थांबणं. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांचंच म्हणणं मोजायला घ्या. त्यांच्या शेजारी बसा, नेलपॉलिश असेल तर काढा, अंगठ्याचा जवळून फोटो घ्या आणि मोठा करून त्यांनाच दाखवा: ‘तू म्हणतेस लागलंय. मग वर्षात ते पुढे सरकायला हवं होतं. मुळाशी कोरं नख कुठे आहे, दाखव बरं.’ बहुतेक वेळा माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की वाद सोडतो. ‘कॅन्सर’ हा शब्द तुम्ही आधी काढायची गरज नाही. त्यांनी काढला तर मात्र खोटं बोलू नका. ‘तो नाही ना, हे बघायलाच चाललोय’ असं सांगा. तरीही हलल्या नाहीत, तर ‘माझा खांद्यावरचा तीळ दाखवायला सोबत चल’ म्हणा, आणि तिथे दोघींचंही दाखवा. ही लबाडी मी खपवून घेते.

तुमच्या तिळाला डॉक्टरांची दोन मिनिटं पुरतील. उरलेल्या वेळात आईंचे दोन्ही तळपाय, टाचांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या बघायला सांगा. खुर्चीवर बसून, पाय उचलून, मोजे काढून. डॉक्टर उभ्याउभ्या ‘हो, बघितलं’ म्हणाले, तर पुन्हा सांगा.